फायनलआधीची उजळणी

आमचा संघ एकही सामना न हरता फायनलकडे चालला होता आणि मी जूनपासून चिडलेली होते. संघ फ्रँकफर्टचा, खेळ अमेरिकन फुटबॉल, आणि त्यातला किकर, म्हणजे बॉलला लाथ मारण्यापुरता मैदानात येणारा खेळाडू, माझा मामेभाऊ. वय बावीस, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मला मात्र 'ताई' म्हणतो, तेही काही हवं असलं की.

मी पुण्याहून मास्टर्सला आले आणि मामाकडेच राहिले, कारण या शहरात वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, शोधण्यात माणसाचं तारुण्य जातं. पत्रकं लिहायला मी पुण्यात शिकले होते. एक पान, एक मागणी, विशेषणं बेतानं. इथे विद्यापीठातल्या कामगार हक्कांच्या गटात गेले आणि पहिलंच काम मिळालं ते या खेळाडूंचं. संघ म्हणायला व्यावसायिक, पण निम्मे खेळाडू सकाळी गोदामात नाहीतर शाळेत राबायचे. डोक्याला मार बसला तर सांगायचे नाहीत. सांगितलं की बाहेर बसवणार, आणि बाहेर बसला की त्याची जागा दुसऱ्याला. भडकून जाण्यासारखी गोष्ट होती, म्हणून मी एक घडीपत्रक केलं. सीझनच्या आधी प्रत्येकाच्या डोक्याची एक चाचणी होते, मार लागल्यावर पुन्हा होते आणि दोन्हींची तुलना करतात. त्यात काय विचारतात ते मी चौकटीत दिलं. दहा शब्द ऐकून परत सांगा, आकडे उलटे म्हणा, महिने डिसेंबरपासून मागे म्हणा, एका पायावर उभे राहा. खेळाडूंची भीती जावी, एवढाच हेतू. मला त्या चौकटीचा फार अभिमान होता.

मामा पंचवीस वर्षं बँकेच्या आयटीत. सुरुवातीला त्याच्या मते हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली चेंगराचेंगरी होती. चौथ्या विजयानंतर त्याने नियमांची एक्सेल शीट केली. सातव्या विजयानंतर मराठी मंडळाची माणसं स्टेडियमवर यायला लागली. नियम कुणालाच कळत नव्हते, पण पोरगं मैदानात आलं की सगळे उभे राहायचे. मी दाराशी पत्रकं वाटायचे. मंडळातल्या एका काकूंनी माझं पत्रक घेतलं, त्यावर ढोकळा ठेवला आणि मलाच दिला.

सेमीफायनलमध्ये शेवटची किक भावाने मारली. समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी बॉल घेऊन सगळ्यांना चुकवत आला आणि अडवायला उरला तो हाच. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. हा पडला, उठला आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला. सगळं स्टेडियम हसलं. मामासुद्धा हसला. आपण जिंकलो होतो ना!

घरी आल्यावर त्याने पडदे ओढले. मिक्सर बंद करा म्हणाला. संघाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, फायनल दोन आठवड्यांनी आहे, दहा दिवसांनी चाचणी घेऊ, पास झालास तर खेळ.

पास! हा शब्द आमच्या घरात उच्चारायला नको होता.

चार दिवसांनी मी संध्याकाळी घरी आले, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर माझं पत्रक. चौकट पिवळ्या पेनाने रंगवलेली. मामाने इंटरनेटवरून शब्दांच्या जेवढ्या याद्या मिळाल्या तेवढ्या छापून आणल्या होत्या. मोबाइलवर वेळ लावलेला. मामी आपल्या सदाशिवपेठी जर्मनमध्ये एकेक शब्द वाचत होती आणि पोरगं डोळे मिटून ते परत म्हणत होतं.

"हे तुझंच ना गं?" मामा म्हणाला. "मुद्देसूद आहे. आमच्या वेळी असे अपेक्षित प्रश्नसंच मिळायचे."

"मामा, ही परीक्षा नाहीये."

"डॉक्टर प्रश्न विचारणार, हा उत्तर देणार, मार्क मिळणार, कमी पडले तर नापास. परीक्षा आणखी कशाला म्हणतात?"

"अरे, मेंदू बरा झालाय का ते बघतात त्यात!"

"मग पाठांतराने मेंदूला व्यायामच होतोय की."

"ओरडू नकोस गं, त्याचं डोकं दुखतंय," मामी म्हणाली. "हं, चला, आता महिने. अहो, वेळ लावा."

मी भावाकडे वळले. "तू तरी सांग यांना."

"ताई, बिट्टे," तो गयावया करत म्हणाला आणि मग जर्मनमध्ये सुरू झाला. सोमवारी दुसरा किकर आणलाय. मी बाहेर बसलो तर तोच राहील. तूच लिहिलंयस ना तसं?

लिहिलं होतं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत.

चाचणी झाली. सीझनच्या आधीपेक्षा त्याला तीन गुण जास्त मिळाले. मामाने हे कोकणातल्या बहिणीपासून वरच्या मजल्यावरच्या तुर्की शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळवलं. मामीने नारळाच्या वड्या केल्या. डोक्याला मार लागून या पोराची स्मरणशक्ती वाढली होती, आणि पदवीधरांनी भरलेल्या त्या घरात कुणालाच त्यात काही खटकलं नाही. मी खटकवायचा प्रयत्न केला, तर मामा म्हणाला, "तुला चांगलं काही बघवतच नाही. सवय लागलीये तुला निषेधाची."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, भावाने सरावाच्या मैदानावरून फोन केला. म्हणजे मैदानावरून नव्हे. पाच वर्षं तो ज्या उ-बानने, म्हणजे मेट्रोने, जातो, तिच्यात बसून तो शेवटच्या स्टेशनापर्यंत गेला होता. "ताई, मी कुठे उतरायचं असतं?" हे त्याने मराठीत विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला, "पापाला सांगू नकोस हं."

माझ्या पत्रकाच्या मागच्या बाजूला एक वाक्य आहे. खेळाडूच्या परवानगीशिवाय आम्ही कुणाला काहीही सांगणार नाही. ते घालावं म्हणून मी गटात दोन तास भांडले होते. शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. याद्या, मोबाइल, मामी, उ-बान, सगळं.

बाईंनी त्याच्या गुणांचा कागद काढून पाहिला. मग म्हणाल्या, "गेनाऊ. बरोबर आहे. गुण वाढले तेव्हाच मला कळायला हवं होतं." मला त्यांचाही राग आला. कळायला हवंच होतं.

शनिवारी त्यांनी त्याला पुन्हा बोलावलं. शब्द त्यांनी स्वतः काढलेले. दहापैकी तीन आले. महिने त्याने उलटे घडाघडा म्हटले. मग त्यांनी आठवड्याचे वार उलटे विचारले, तर तो गुरुवारपाशी अडला आणि रडायला लागला. हे त्यानेच घरी येऊन सांगितलं. आणि मग माझ्याकडे बघून, पुन्हा मराठीत, "तू केलंस."

"तू या घरातली आहेस की बाहेरची?" मामाने विचारलं. मामीने माझं ताट वाढलं, पण जेव म्हणाली नाही.

फायनलला आम्ही एकाच ट्राममधून गेलो, वेगवेगळ्या दारांनी चढून. भाऊ ट्रॅकसूटमध्ये बाकावर. नवा किकर, आखन शहरातला कुणी शिक्षक, एक किक चुकला आणि मामाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्या शिक्षकाने पुढच्या तिन्ही मारल्या. आम्ही जिंकलो. चॅम्पियन! मंडळाच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मामा बसून राहिला. त्याच्या पोराचा त्यात पाय नव्हता.

नंतर घरच्यांना मैदानात सोडलं. सगळीकडे सोनेरी कागद उडत होते. भावाच्या गळ्यात पदक होतं आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. त्याने वडिलांना विचारलं, "पापा, स्कोअर काय झाला?" मामाने सांगितला. त्याने मान हलवली, दोघातिघांबरोबर फोटो काढले आणि परत आला.

"पापा, स्कोअर काय झाला?"

"अरे, चेष्टा करतोस का?" मामा हसला. पुन्हा सांगितला.

मामीने पदक हातात घेऊन पाहिलं, ते केवढं जड आहे म्हणाली. भाऊ तिच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघत होता. मग त्याने अगदी सहज, पहिल्यांदा विचारावं तसं, तिसऱ्यांदा विचारलं.

स्कोअरबोर्ड त्याच्या समोर होता.

मामाने या वेळी पोराचा दंड धरला. "त्या डॉक्टरबाई कुठे आहेत?" त्याने मला विचारलं. मी बोट दाखवलं, आणि तो पोराला घेऊन गर्दीतून वाट काढत निघाला.

"तूही जा ना त्यांच्याबरोबर," मामी म्हणाली. "तुला जर्मनमध्ये नीट सांगता येतं."

मामाचं जर्मन पंचवीस वर्षांचं आहे, माझं दोन. मी गेले.