नळाच्या मुठी

ताई डायलिसिस सेंटरच्या वजनकाट्यावर उभी राहिली आणि आकडा पाहून तिच्या धाकट्या भावाने कपाळाला हात लावला. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन किलो आठशेने वाढलं होतं.

“यांना दिवसाला एकच लिटर पाणी सांगितलंय ना? घरी लक्ष कोण देतं?” टेक्निशियनने त्यालाच झापलं. ताई साळसूदपणे छताकडे बघत होती.

तो लिफ्टचा मेकॅनिक. आठवड्यातून तीनदा अर्धी रजा टाकून तिला इथे आणायचा, साहेबाची बोलणी खायचा. पोटॅशियम निघून जावं म्हणून भाज्या उकळून पाणी फेकायचा, मीठ चिमटीने मोजायचा. आणि जिने आई गेल्यावर त्याला वाढवलं, शाळेत जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, ती ही थोरली बहीण चूळ भरायच्या निमित्ताने बाथरूममध्ये घटाघटा पाणी प्यायची.

त्या दिवशी त्याचं डोकंच फिरलं. घरी येताच पाना घेऊन त्याने सगळ्या नळांच्या मुठी काढल्या आणि खिशात घातल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला, तर ताई घरात नव्हती. शेजारच्या काकूंकडे बसली होती, हातात रिकामा ग्लास.

“बिचारीला घोटभर पाणीही देत नाहीस?” काकूंनी त्यालाच फैलावर घेतलं.

घरी येऊन दार लावताच तो ओरडला, “तुला मरायचंय का? तसं सांग, म्हणजे मी तरी सुटेन!”

बोलून गेला आणि स्वतःच चपापला.

ताई खुर्चीत टेकली. मग म्हणाली, “काय खायचं, कधी झोपायचं, सगळं तूच ठरवतोस. जीभ टाळ्याला चिकटते रे माझी. मला एकदा तरी विचारलंस, कसं जमवू म्हणून?”

“मग सांग ना! कसं जमवायचं?”

“दिवसाची लिटरभर पाण्याची बाटली माझ्या हातात दे. मी भरीन, मीच पुरवीन. आणि नळ आधी नीट कर, हात धुवायची पंचाईत झालीये.”

त्याने पुटपुटत मुठी बसवल्या. ताई औषधाच्या इवल्याशा कपाने पाणी पिऊ लागली. तरीही त्याची नजर बाटलीवर असायचीच.

पुढच्या खेपेला वजन दोन किलो नऊशेने वाढलेलं.

“अजून जास्तच आहे,” टेक्निशियन म्हणाला.

“एवढ्यावर मी पोरांना पास करायचे,” ताई म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. साहेबाचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता, पुढे चार तास बसायचं होतं, आणि परवा पुन्हा हेच. त्याने फोन कापला आणि तिच्या पायांवर चादर ओढली, जरा जोरातच.