डाव्या बाजूची कमान

कल्याणच्या दवाखान्यात सुईण म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा गावात माझ्याविषयी दोन मतं होती. विधवा बाईनं मुंबईला राहून असलं शिक्षण घ्यावं हे वाईटच, हे एक. आणि बाळंतीण अडली तर तिलाच बोलवा, हे दुसरं. बहुतेक घरांत दोन्ही मतं एकत्र नांदत.

बोलावणी लांबलांबून येत. पायी जायचं म्हणजे मी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. म्हणून वर्षभराचा पगार जपून मी एक जुनं शिग्राम, म्हणजे बंदिस्त बैलगाडी, घेतलं. ठाण्याचे एक अंमलदार बदलीवर निघाले होते, त्यांचं ते. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं सौदा करून दिला. वर छत, बाजूंना झडपा, आत दोन माणसं लवंडतील एवढी जागा.

"दिसायला झकास आहे," दादा म्हणाला. "खालून मात्र मी काही पाहिलं नाही हं."

खालून पाहायला हवं होतं. गाडीचं सगळं ओझं ज्यांच्यावर तोलायचं त्या दोन्ही लोखंडी कमानी थकलेल्या होत्या. खड्ड्यात चाक गेलं की पाट्यावर पाटा आपटून असा दणका बसे की दात दातांवर आदळत. पावसाळा सरेपर्यंत उजव्या कमानीचा एक पाटा तुटलाच.

माझा गाडीवान साठीला टेकलेला आगरी होता, बैलजोडी त्याच्या घरची. आम्ही गाडी लोहाराकडे नेली. लोहार खाली वाकला, दोन्हीकडे हात फिरवला आणि उठून म्हणाला, "बाई, दोन्ही बदला. एका बाजूचे अकरा, दोन्हीचे मिळून वीस रुपये."

माझा महिन्याचा पगार अठरा. त्यातून मी एका घड्याळासाठी पैसे बाजूला टाकत होते. नाडी मोजायला सेकंदांचा काटा असलेलं घड्याळ. शिकताना आमच्या मडमेच्या कमरेला तसलं घड्याळ लटकलेलं असे, तेव्हापासून माझं मन त्यात अडकलं होतं.

"डावी तर अजून धड आहे ना?" मी विचारलं.

"धड आहे म्हणजे तुटलेली नाही एवढंच. एक नवी, एक जुनी ठेवलीत तर गाडी कलणार, आणि सगळा भार नवीवर येणार. ती पण लवकर बसेल."

"आत्ता उजवीच करा," मी म्हणाले. त्यानं खांदे उडवले. त्या महिन्यात मी घड्याळ घेतलं.

गाडी कललीच. आत बसलं की मी हळूहळू डाव्या झडपेकडे घसरत जाई. डावीकडच्या बैलाच्या खांद्याला जू घासू लागलं. गाडीवान रोज त्याला हळद-तेल लावी आणि माझ्याकडे न बघता म्हणे, "बाय, ही गारी नीट कर गो." मी करते म्हणे, आणि पुढच्या पगारावर ढकले. पण मनाला स्वस्थता नव्हती. रात्री अंथरुणावरसुद्धा मला कलल्यासारखं वाटे. दवाखान्याच्या दारात गाडी उभी असली की मी दहादा बाहेर येऊन तिच्याकडे पाहून जाई, जणू माझ्या पाठीमागे ती आणखी खाली बसणार होती.

भातकापणीच्या दिवसांत मानपाड्याहून एक माणूस धावत आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती, पहिलंच बाळंतपण. मी गेले, तपासलं. मूल आडवं होतं. माझ्या हातांनी होण्यासारखं ते नव्हतं. कल्याणला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. सासू आधी नको म्हणाली. मग सुनेचा चेहरा पाहून तिनंच गोधड्या आणून गाडीत अंथरल्या.

त्या वाटेनं मला पुढे कित्येक वर्षं झोप नीट येऊ दिली नाही. शेतांतला कच्चा रस्ता, गाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. मी डाव्या अंगाला बसून तिला मांडीवर आडवी धरली, म्हणजे ती घसरणार नाही. गाडीवान जनावरांना पावलापावलानं नेत होता. तरी चाक चाकोरीतून चढलं की खाली खाडकन आवाज होई आणि ती माझं मनगट आवळी. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं, असं मला वाटून गेलं. तिचा नवरा गाडीच्या बाजूनं चालत होता, आणि खड्डा आला की डावी बाजू खांद्यावर पेलायला बघत होता.

माझ्या कमरेला घड्याळ होतं. मी तिची नाडी मोजत होते. काटा पुढे सरके आणि मला वाटे, याचे पैसे लोहाराला दिले असते तर. मग वाटे, रस्ताच असला, नव्या कमानीनं तरी काय झालं असतं? पुन्हा दणका बसे आणि पहिला विचार परत येई.

डॉक्टरांनी तिला वाचवलं. मूल गेलेलंच निघालं. सगळं आवरल्यावर मी त्यांना विचारलं, "गाडीतल्या धक्क्यांनी गेलं असेल का?"

त्यांनी हात पुसले. "आधीच गेलं असेल. वाटेत गेलं असेल. मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही येणार नाही. विचारत बसू नका."

दुसऱ्या दिवशी मी लोहाराच्या दारात उभी होते. त्यानं गाडी उचलून धरली आणि नव्या उजव्या कमानीचा बाक मला दाखवला. सगळा भार एकटीनं वाहून ती निम्मी सपाट झाली होती. आता दोन्ही बदलायच्या. आधीचे अकरा गेलेच, वर हे वीस रुपये. तो 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. मीच म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं." तो भात्याकडे वळला.

गाडी नंतर छान चालायची. गाडीवान खूश, बैलाचा खांदा भरून आला. मी मात्र खराब वाट आली की खाली उतरून चालू लागे. तो हसे, म्हणे, बाय, मग गारी घेतली कशाला?

दीड वर्षानं मानपाड्याहून त्याच घरातून पुन्हा बोलावणं आलं. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, कळा नुकत्याच सुरू झालेल्या. मी म्हणाले, "चल, या वेळी आधीच कल्याणला जाऊ. डॉक्टर जवळ असलेले बरे. कमानी नव्या केल्यात, धक्का बसत नाही."

तिनं अंगणातल्या गाडीकडे बघितलं. "चालत येन मी. पन त्या गारीन नाय बसाची."

मी समजावलं. सासूनं समजावलं. ती हलली नाही. मी पुन्हा तपासलं, मूल सरळ होतं. म्हणून मीही हट्ट सोडला, हात धुतले आणि तिथेच बसले. दुपार कलायच्या आत मुलगी झाली, मोठ्यानं रडणारी. सासूनं एक लाल भोपळा आणून गाडीत ठेवला आणि मी कल्याणची वाट धरली.