दिशाच्या मानेवरचं शिबं

परभणीची क्षितिजा हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि जवळच्याच जांबे गावात रत्नाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायची. २००९ साली मंदीनं पगारवाढ अडली. त्याच सुमारास तिचा मराठी ब्लॉग वाचून एका मलमवाल्या कंपनीचा ईमेल आला. कोडावरच्या मलमाबद्दल ब्लॉगवर लिहा, मानधन देऊ.

लिहिण्याचे पैसे मिळतात हेच तिला नवं होतं. पहिला लेख तिनं चारदा खोडून लिहिला. कंपनीनं तो परत पाठवला. ‘भाषा छान, पण माणूस कुठंय? चेहरा दाखवा.’

कोड झालेलं माणूस आणायचं कुठून? खाली अंगणात रत्नाबाईंची दिशा केस वाळवत बसली होती. एकोणीस वर्षांची, लग्नाची सुपारी फुटलेली. गालापासून मानेपर्यंत फिकट डाग उठले होते. साधं शिबं, महिन्या-दोन महिन्यांत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

“दिशा, माझ्या लेखासाठी तुझा एक फोटो काढू?”

“माजा? थांबा ताई, येणी तरी घालते.”

“नको. अशीच बस.”

क्षितिजानं शिबाचं कोड केलं. या मुलीला घरचेही शिवत नव्हते, असं लिहिलं. गावातलं कोण इंटरनेट वाचतंय, अशी मनाची समजूत घातली. कंपनी खूश झाली.

तीन आठवड्यांनी रत्नाबाई धापा टाकत जिना चढून आल्या. हातात छापलेला कागद. मागं दिशा.

“नांद्याच्या पावन्यांनी लगीन मोडलं गं. त्यांचा पुतन्या तुमच्या हिंजवडीत कामाला हाय, त्यानं ह्ये काढलं. म्हनत्यात, कोड लपवून पोरगी गळ्यात बांधत व्हता. मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय सांग बरं.”

क्षितिजानं आपलीच वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

“आमी शिवत नव्हतो?” रत्नाबाईंनी कागद ओढून जमिनीवर टाकला. “कुन्या मुडद्यानं लिवलंय?”

“मावशी, माझ्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी फोटो चोरला.”

शिकलेली पोर, तिच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? रत्नाबाई तिलाच पावण्यांना पत्र लिहायला सांगून डोळे पुसत खाली गेल्या.

दिशा दहावी शिकलेली. तिनं कागद उचलून शेवटपर्यंत वाचला.

“खाली तुमच्या ब्लॉगचं नाव हाय, ताई.”

“मी आत्ता काढून टाकते. आईला...”

“आईला न्हाई सांगत. सांगितलं तर बा मलाच इचारल, फोटोला बसलीस कशाला. आन् चामडं लोळवल.”

पत्राला उत्तर आलं नाही. डाग दिवाळीआधीच गेले, पण कोडाची पोरगी हे नाव चार गावांत फिरलं होतं. तुळशीचं लग्न झालं आणि ताम्हिणीकडच्या, दोन मुलं असलेल्या चाळिशीच्या बिजवराशी दिशाचं लगीन लागलं.

“फोटो तूच काढ,” रत्नाबाई क्षितिजाला म्हणाल्या. “घरचीच हायेस.”

त्याच आठवड्यात कंपनीनं विचारलं होतं, ‘त्या मुलीचं पुढं काय झालं? वाचकांना उत्सुकता आहे.’

हळदीनं पिवळ्या झालेल्या दिशानं कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं. चेहरा स्वच्छ होता.

“हसू का, ताई?”

क्षितिजानं कॅमेरा डोळ्याला लावला. मग म्हणाली, “हस.”

दिशा हसली. तो फोटो आठवड्याभरात ब्लॉगवर चढला. मलमानं कोड गेलं आणि संसार उभा राहिला, असं खाली लिहिलं होतं. तिच्या सगळ्या लेखांत तोच जास्त वाचला गेला. कंपनीनं दर महिन्याचं काम दिलं, आणि क्षितिजानं महाळुंग्यात भाड्यानं स्वतंत्र फ्लॅट घेतला.

निघताना रत्नाबाईंनी तिच्या सामानात आंबेमोहोर तांदळाची पिशवी ठेवली. “दिशीला जाऊन दोन म्हैने झालं, एक फोन न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता तू बी चाललीस.”

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. क्षितिजा वाकून त्यांच्या पाया पडली.