देवीच्या भरवशावरचा कॅमेरा

माझा मेहुणा विमा एजंट झाला आणि आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर संकट आलं. तो खेडहून एसटीने यायचा, बहिणीला भेटायला म्हणून. पण चहाचा कप हातात आला की त्याची नजर भिरभिरायला लागायची. कौलं, वायरी, दाराची कडी, सगळ्यांत त्याला काहीतरी भयंकर दिसायचं आणि ते सांगताना चेहरा मात्र आनंदाने फुललेला असायचा.

"भावोजी, तुमचा कॅमेरा पडला तर?"

"का पडेल?"

"पडतो हो. चांगली धडधाकट माणसं पडतात, कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात!"

ऐंशी सालानंतरची ती पहिली वर्षं. रत्नागिरीच्या बाजारात माझा एका खोलीचा स्टुडिओ होता. कॅमेरा जपानी, दोन भिंगांचा, आखातात नोकरीला असलेल्या मित्राकडून आणवलेला. तो, एक फ्लॅश आणि एक तिपाई, एवढ्यावर आमचं घर चालत होतं. लग्नं, मुंजी, शाळेतले वर्गाचे फोटो, बंदरावर नव्या होडीची पूजा. कॅमेरा फुटला असता तर तसा दुसरा मिळेपर्यंत स्टुडिओला कुलूपच लागलं असतं. म्हणून मेहुण्याचं म्हणणं मला पटत होतं. पण ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. जावयाने पहिल्याच फटक्याला मान डोलवली तर जावयाचा मान काय राहिला?

खरा अडसर होते माझे बाबा. ते गावी राहायचे. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर आणि बाबा तिथले गावकर, म्हणजे गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. सण असो, कुणाचं लग्न असो, कुणी मुंबईला नोकरीसाठी निघालेला असो, बाबांनी देवळात उभं राहून देवीला सगळं खणखणीत आवाजात सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. अशा माणसाला विम्याचं सांगितलं तर काय होणार? त्यांनी मेहुण्याचं सगळं बोलणं सुपारी कातरत शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे वस्तू फुटंल असं आपनच बोलायचं," ते म्हणाले, "आनी वर त्याचे पैशे पन आपनच भरायचे? वाईट कशाला चिंतायचं पावण्यानू? शिमगा जवळ आलाय. मी देवीला सांगतो, झालं."

मेहुण्याने फॉर्म पिशवीत परत घातला. देवीशी स्पर्धा करायची त्याची तयारी नव्हती.

मला त्या शिमग्यात एकच फोटो हवा होता. आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी बाहेर पडते आणि ढोल-सनईच्या खालूबाजाच्या तालावर ती खांद्यावर घेऊन नाचवतात. पहिला खांदा बाबांचा. एरवी चार माणसांत हसतानासुद्धा विचार करणारा हा माणूस पालखीखाली गेला की पोरगेला व्हायचा, गिरक्या घ्यायचा, धोतराचा सोगा सुटला तरी भान नसायचं. बाबांचा एकुलता एक फोटो आमच्या घरात होता, त्यात ते खुर्चीवर बसून फोटोग्राफरवर खटला भरणार असल्यासारखे बघत होते. तो फोटोग्राफर मीच. मला नाचणारे बाबा हवे होते.

सहाणेवर, म्हणजे पालखीच्या मानाच्या चौथऱ्यावर, पालखी बसली. गाव जमला, मुंबईचे चाकरमानी जमले. बाबांनी टोपी सारखी केली आणि सुरुवात केली. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, चाकरमान्यांच्या नोकऱ्या झाल्या.

"आनी ह्या माज्या पोराच्या हातात ही परदेशी वस्तू हाय म्हाराजा, ती पडू नये, फुटू नये, तिला कुनाचा धक्का लागू नये, अशी तू सांबाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव ओरडला.

माझी छाती फुगली. जपानात बनलेल्या वस्तूसाठी आमच्या गावात गाऱ्हाणं! पण आमच्या माणसांचा स्वभाव मी विसरलो होतो. "व्हय" म्हटलं की ते नुसतं म्हणून सोडत नाहीत. पालखी उठली आणि त्याच क्षणी दहा-पंधरा धिप्पाड माणसं माझ्याभोवती पाठ करून, हातात हात गुंफून उभी राहिली. "कॅमेरा हाय! मागं सरा!" मी डावीकडे सरकलो की कडं डावीकडे सरकायचं. मागून कुणीतरी माझा सदरा घट्ट धरून ठेवला होता. आणि एका म्हाताऱ्या काकांनी कमालच केली. गुलाल उडाला की ते धावत येऊन कॅमेऱ्यावर आपला टॉवेल टाकत होते. गुलाल तर सारखाच उडत होता.

"काका, फोटो काढू द्या!"

"काड की. तुला कोन नको बोल्लाय? मी फकस्त टावेल धरतो."

पलीकडे पालखी नाचली, बाबा नाचले, लोक शिट्ट्या मारत होते आणि मी टॉवेलाखाली शिव्या घालत होतो.

रोल धुतला तेव्हा बायको इतकी हसली की हातातला चिमटा खाली पडला. माना होत्या, पाठी होत्या, टॉवेलाचे काठ होते. एका फोटोत तेवढा पाठींच्या भिंतीच्या वर पालखीचा दांडा दिसत होता आणि त्यावर एक हात. तो फोटो बाबांनी बराच वेळ उन्हात धरून पाहिला. "हा माजा हात," ते म्हणाले, आणि गावात ज्याला त्याला तो हात दाखवत फिरले. "कॅमेऱ्याला ओरखडा नाय," हेही सांगत होते. मला त्या एवढ्याशा हाताचं फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या सुमाराला बाबांचा गुडघा धरला. येत्या शिमग्याला शेवटचा खांदा द्यायचा आणि मग आपल्या चुलतभावाकडे सोपवायचं, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. म्हणजे मला एकच संधी उरली.

"बाबा, यंदा गाऱ्हाण्यातनं कॅमेरा वगळा," मी म्हटलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "घातलेलं काडत नायत रे. काडलं म्हंजे देवीला सांगितल्यासारखं होतं, की आता तुजी गरज नाय. सालाबादप्रमानं बोलायलाच लागंल."

मी डोकं धरून घरी आलो. बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं आणि मान वर न करता म्हणाली, "मग तो भार दुसऱ्या कुणी उचललाय असं देवीला सांगितलं तर चालेल ना? माझा भाऊ वर्षभर दुसरं काय सांगतोय?"

मेहुण्याला निरोप गेला आणि तो मिळेल त्या गाडीने आला. मी हो म्हटल्यावर त्याने मला मिठीच मारली. कॅमेरा, फ्लॅश, तिपाई, सगळं त्याने नव्या नवरीसारखं न्याहाळलं. वर्षभर केलेली टाळाटाळ मी एका सहीत संपवली आणि मला हलकंहलकं वाटायला लागलं. हे मात्र मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

शिमग्याला मी त्याला मुद्दाम गावी नेलं. सहाणेवर माणसं जमली तेव्हा त्याने उभं राहून समजावलं की हा कॅमेरा आता पडो, फुटो, चोरीला जावो, कंपनी भरून देणार. टॉवेलवाले काका पुढे आले.

"म्हंजे कंपनी देवीपरास मोठी काय?"

मेहुण्याच्या कपाळावर घाम आला. "छे छे, काका! कंपनी कुठली मोठी? देवीला एवढ्या गावाचं बघायचं असतं. कंपनीने आपलं एक हलकंसं काम अंगावर घेतलंय."

काकांनी विचार केला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. बाबा सगळं ऐकत बाजूला उभे होते, चेहरा त्या खुर्चीतल्या फोटोसारखाच. मग त्यांनी टोपी सारखी केली. पाऊसपाणी, गुरंढोरं, चाकरमानी, सगळं झालं.

"सालाबादप्रमानं ह्या कॅमेऱ्याचं तुला सांगतो म्हाराजा. यंदा त्याचा भार कंपनीनं घेतलान."

"व्हय म्हाराजा!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण बाबा थांबले नव्हते.

"तवा तेवडी तुजी नजर मोकळी झाली म्हाराजा. ती ह्या माज्या पोरावर ठेव. फोटोच्या नादात हा कुटंबी चडतो, कुटंबी घुसतो, पायाखाली बघत नाय. ह्याचा इमा कुनी उतरवलेला नाय म्हाराजा. ह्याला पडू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

एवढ्या वर्षांत बाबा माझ्याबद्दल एवढं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. डोळे भरून आले आणि लगेच धडकीही भरली, कारण तीच धिप्पाड माणसं आता माझ्याकडे वळली होती. झालं, पुन्हा कडं, पुन्हा पाठी. मी कॅमेरा छातीशी धरला. पण त्यांनी आपसात काहीतरी ठरवलं आणि मला सरळ उचललं. ह्याला पडू द्यायचं नाही ना? मग ह्याचे पाय जमिनीला लागायलाच नकोत! एक पाय एकाच्या खांद्यावर, दुसरा दुसऱ्याच्या, मागून टॉवेलवाल्या काकांनी कंबर धरलेली. खाली खालूबाजा सुरू झाला आणि मला धरून तेही सगळे नाचायला लागले.

वरून सगळं दिसत होतं. पालखी, निशाण, गुलाल आणि पहिल्या खांद्यावर बाबा. मी हसत होतो, रडत होतो, हलत होतो आणि जमेल तसं बटण दाबत होतो. कॅमेऱ्याची मला अजिबात काळजी नव्हती.

त्या रोलमधला एकच फोटो नीट आला. तोच आज आमच्या माजघरात आहे. बाबांनी तो पाहिला तेव्हा नाराजीने म्हणाले होते, "ह्यात मी नाचतोय कुटं?" खरंच आहे, त्यात ते नाचत नाहीत. दांडा खांद्यावर आहे, गुडघा वाकलेला आहे, कपाळभर गुलाल आहे, पण मान वर केलेली आणि तोंड उघडं आहे. ते थेट माझ्याकडे बघून ओरडतायत, "धरा रे त्याला, धरा नीट!"