सासूबाईंच्या वाक्याखाली इंग्रजाचं नाव

मैत्रिणींनो, गोष्ट आजचीच आहे, म्हणून आजच महिला मंडळाच्या भिंतीवर हा कागद लावते.

आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर सुविचार लिहायची आज माझी पाळी होती. देवपूजा आटोपून मी सासूबाईंचं वाक्य लिहिलं, ‘जेवून उठताना रांधणारीचं नाव घ्यावं.’ खाली त्यांचं नाव घातलं. गिरण्या बंद पडेपर्यंत त्या लालबागला खानावळ चालवायच्या.

दुपारी दळण घेऊन आले, तर त्यांचं नाव पुसलेलं आणि तिथे त्या थोर इंग्रज नाटककाराचं नाव.

बदल सोसायटीच्या सेक्रेटरीभाऊंनी केलेला. विचारलं तर म्हणाले, “वहिनी, त्याचं नाव असलं की लोक थांबून वाचतात. तुमच्या सासूला कोण ओळखतं?”

“तुमचे वडील ओळखायचे. दोन्ही वेळ त्यांच्याकडेच जेवायचे ना?”



मॅट्रिकला मीही त्या नाटककाराचं चरित्र वाचलंय. साध्या घरातला मुलगा, लेखणीच्या जोरावर मोठा झाला. त्याची स्वतःची वाक्यं जगाला पुरून उरलीत. आमच्या म्हातारीचं एकुलतं एक त्याला कशाला?

खडूने सासूबाईंचं नाव मी पुन्हा लिहिलंय. आणि बायांनो, खरं सांगा, आज जेवून उठताना तुमच्या घरात कुणी तुमचं नाव घेतलं?