पात्यावरचा कापूस

माणदेशातला गुरुनाथ अमेरिकेतल्या कॅरी गावात येऊन कॉम्प्युटरवर पोट भरायला लागला त्याला जमाना झाला, पण त्यानं बोली सोडली नाही आणि रानही. ऑफिसातली माणसं गोल्फला जात. हा गडी लायसन काढून, धनुष्यबाण घेऊन हरणामागं. त्याच्या घरचा रस्सा पुणेकर मंडळी बोटं चाटून खात आणि वर विचारत, "शी! मारवतं कसं हो तुम्हाला?"

मारवत होतं, मागल्या हंगामापर्यंत. तेव्हा एका मादीवर नेम धरताना त्याचा खांदा थरथरला आणि बाण पोटात घुसला. रक्ताचे थेंब बघत तो ओढ्यापर्यंत गेला. पुढं माग लागला नाही. कुठंतरी झुडपात ती मेली असणार, सावकाश. त्यानं जेवण टाकलं नाही, की देव आठवले नाहीत. एवढंच ठरवलं, की एका बाणात काम होणार असेल तरच रानात जायचं, न्हाईतर हा नाद सोडायचा.

म्हणून नवं कंपाऊंड धनुष्य घ्यायचं झालं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. दुकानात गेल्यावर गड्यानं हात घातला तो सगळ्यात ताठ धनुष्याला. दुकानदार डेलनं त्याला स्टुलावर बसवलं. म्हणाला, "ओढ आता. हात आभाळाकडं न्यायचा नाही."

गुरुनाथचं तोंड लालबुंद झालं, तार निम्मीच आली.

"ट्रक ओढायचाय का हरीण मारायचंय?" डेलनं विचारलं.

ते लागलं त्याला. पण खरं होतं. डेल धनुष्याचा ताण ठरवणारे स्क्रू सैल करत गेला, तार विहिरीतल्या बादलीसारखी सुतात वर येईपर्यंत. मग हाताची लांबी मापून तार ओठाच्या कडेला टेकवली. डोळे मिटून ओढायला लावलं. उघडले की तारेतली नेम धरायची बारकी कडी बरोबर डोळ्यापुढं यायला हवी. शेवटी ताणलेल्या कागदातून बाण मारायला लावले. पहिल्यानं कागद आडवा फाटला. डेलनं बाणाची बैठक केसभर सरकवली, पुन्हा मारला, पुन्हा सरकवली. अखेर भोक तेवढं पडलं, फाट नाही; बाण सुतात जायला लागला.

निघताना डेल म्हणाला, "बाण लावल्याबिगर तार सोडू नको. बाणाचा सगळा जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो, पात्याला चीर जाते."

हंगाम उघडला तरी धनुष्य खुंटीवरच राहिलं. गुरुनाथच्या घरी नवं हत्यार दसऱ्याला पुजल्याबिगर वापरत नसत. दसऱ्याला शोभनानं, त्याच्या बायकोनं, विळी, लॅपटॉप आणि धनुष्य एका ओळीत मांडून हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे रानात जायचं ठरलं होतं.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. त्यात गुरुनाथच्या ऑफिसातला देवांग, जिममध्ये दंड फुगवलेला.

"दादा, धनुष्य आहे आणि टणत्कार नाही? क्या यार!"

गुरुनाथ चहाचे कप घेऊन वळेस्तोवर देवांगनं धनुष्य उचललं, तार ओढली आणि सोडली. खाडकन् आवाज झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुनाथनं कप खाली ठेवले.

"काय झालं? मोडलं तर नाही ना?" देवांग कावराबावरा झाला.

"बगू."

वाती करून उरलेला कापूस पूजेच्या ताटात होता. तो चिमटीत धरून गुरुनाथ धनुष्याच्या वरखालच्या वाकणाऱ्या पात्यांवरून हळू फिरवत गेला. खालचं पातं गुळगुळीत लागलं. वरच्या पात्याच्या कडेला कापूस अडकला, एक तंतू तिथंच राहिला.

"दिसत तर काहीच नाही, दादा. उद्या मारून या, मग दाखवा दुकानात."

शोभना नवऱ्याकडं बघत होती. ओढ्यावरनं परत आला तेव्हाचं त्याचं तोंड तिनं पाहिलं होतं.

"मागल्या साली ती मादीबी पुढं कुणाला दिसली न्हाई, देवांगा," गुरुनाथ म्हणाला. "शोभना, पहाटंचा डबा नको."

कापूस त्यानं काढला नाही. डेलला चीर कुठं ते कळायला हवं. तो तसाच ठेवून त्यानं धनुष्य गोधडीत गुंडाळलं आणि गाडीत नेऊन टाकलं. परत आला तर देवांग अजून तिथंच उभा, मान खाली.

"आता हात धू की लेका," गुरुनाथ म्हणाला. "पोळ्या गार व्हायल्यात."