कागदावरची मेंढरं

मायाक्काला टक्केवारी येते, गुणोत्तर येतं, एक्सचं समीकरण तर ती भाकरी थापता थापता सोडवते. तरी मार्चला बाहेरून दिलेल्या दहावीच्या परीक्षेत तिचं एकटं गणितच राहिलं. तेही अगदी थोडक्यात.

"सगळं तर येतंय तुम्हाला. मग राहिलं कसं, अक्का?" आफरीननं विचारलं.

"राहिलं की. त्याला काय करायचं?" मायाक्कानं तव्यावरची भाकरी उलटली.

सोलापुरातल्या मुलींच्या वसतिगृहात मायाक्काचा स्वयंपाक. मंद्रूपच्या पलीकडच्या धनगरवस्तीत जन्म, सातवीनंतर शाळा सुटली ती बापाच्या मेंढरांमागं. लग्नानंतर नवऱ्याचा, जोतिरामचा, टेंपो जिकडं चालला तिकडं ती. टेंपो सोलापुरात थांबला, तीही थांबली. आता वसतिगृहातल्या जुन्या मदतनीस बसम्मा काम सोडून गावी, अक्कलकोटकडं, निघाल्या होत्या. त्यांच्या जागी मायाक्कालाच घ्यायचं, पण दहावी हवी, असं ठरलेलं.

ती जागा तिला हवीच होती. दर वर्षी जूनमध्ये खेड्यापाड्यांतून नव्या पोरी येतात आणि पहिला आठवडा वरच्या मजल्यावर रडतात. ते रडणं खाली स्वयंपाकघरात ऐकू येतं. तव्यावर भाकरी असते, जिना चढता येत नाही. मदतनीस झालं की चढता येणार.

म्हणून जुलैच्या फेरपरीक्षेसाठी आफरीन तिला रोज दुपारी शिकवायची. ही वसतिगृहातलीच बी. एस्सी.ची पोर, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून आलेली, घरचा मासळीचा धंदा. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं, त्यात बोटानं गणित मांडायचं, चुकलं की तळव्यानं पुसायचं. मायाक्का तिला 'मास्तरीणबाई' म्हणायची.

त्या दिवशी आफरीन सरावाची उत्तरपत्रिका तपासत होती. साडीवरची सूट, बरोबर. दुधातलं पाणी, बरोबर. बापलेकाचं वय, बरोबर.

"बाप पोराच्या पाचपट?" मायाक्का कुरकुरली. "लगीन लई उशिरा झालेलं दिसतंय त्याचं."

"अक्का, ते सोडा. हे काय?"

गणित असं होतं: कळपात मेंढ्या आणि शेळ्यांचं प्रमाण पाचास एक, एकूण जनावरं नव्वद, तर मेंढ्या किती? मांडणी झकास. पाच एक्स अधिक एक एक्स. सहा एक्स बरोबर नव्वद. आणि शेवटी लिहिलेलं, 'उत्तर: मेंढ्या पुष्कळ.'

आफरीन हसत सुटली. मग तिनं मागची पानं चाळली. वर्गातली मुलं, 'पुष्कळ.' कोंबड्या, 'हायत तेवढ्या.' तिचं हसू थांबलं.

"मार्चलाही असंच लिहिलंत?"

मायाक्कानं पदरानं कपाळ पुसलं. "जिवंत जिनसा मोजू न्हाय, मास्तरीणबाई. मोजलं की दृष्ट लागती. आमचा आबा कळप कदी मोजत न्हाय. सांजच्याला नुसता बगतो, आन् कोन आलं न्हाय त्ये सांगतो."

"आमची नानी पण म्हणते, बच्च्यां नक्को गिनो." आफरीननं मान डोलवली. "पण अक्का, ही पुस्तकातली मेंढरं आहेत. कुणाचीच नाहीत."

"त्येच तर! कुनाची हायत ठावं न्हाय. दुसऱ्याच्या कळपाला आपल्या हातानं कशाला दृष्ट लावायची? त्यापरीस एक्स बरा. शहाणं लेकरू. किती हाय त्ये सांगतच न्हाय."

"शेवटी त्याला बोलतं करावंच लागतं. नाहीतर मार्क कोण देणार?"

"तितंच माजा हात थांबतोय बग."

आफरीननं बरंच समजावलं, मग हात जोडले. "मला जमत नाही. तुमच्या आबांनाच विचारा."

रविवारी जोतिरामनं वस्तीवर जायला टेंपो काढला. "तू साहेबीन झाल्यावर मला भाकरी कोन करनार?"

"तुमीच. पीठ-पान्याचं गुणोत्तर सांगते की."

आबा, म्हणजे तिचा बाप ज्ञानबा, घोंगडं अंथरून बांधावर बसला होता. मायाक्का शेजारी टेकली आणि पुस्तक उघडलं.

"वाच," ज्ञानबा म्हणाला.

"एका कळपात मेंढ्या आन् शेळ्यांचं परमान पाचास एक. एकूण..." ती अडखळली. "एकूण हायत तेवढ्या."

"पाचामागं एक शेळी. बरं हाय. कुटं चरत्यात?"

"त्ये लिवलं न्हाय, आबा."

"पानी कुटं पित्यात?"

"त्ये बी न्हाय."

"कुत्रं हाय का?"

"कुत्रंच न्हाय."

"बिनकुत्र्याचा कळप!" म्हातारा खोकला येईस्तोवर हसला. "अगं येडे, ज्याला लांडग्यानं बगितलं न्हाय, ज्येची लोकर कुनी कातरली न्हाय, त्याला तुजी दृष्ट लागती व्हय? आकडा टाक की खुशाल!"

"पाप न्हाय लागायचं?"

"लागलं तर मला लागू दे. मी हाय हितं बसलेला."

तिनं तिथंच पुस्तकाच्या कडेला 'पंच्याहत्तर' लिहिलं. समोर खरी मेंढरं चरत होती. त्यांच्याकडं मात्र तिनं पाठ केली होती.

जुलैच्या पेपरात मेंढ्या नव्हत्या. 'एका वसतिगृहातील मुलींची संख्या पंचवीस टक्क्यांनी वाढून साठ झाली, तर आधी किती मुली होत्या?' मायाक्कानं पेन खाली ठेवलं. मेंढरांचं आबांनी सांगितलं होतं, पोरींचं कुठं विचारलं होतं? तिनं प्रश्न पुन्हा वाचला. ह्या वसतिगृहात स्वयंपाक कोण करतं, लिहिलेलं नव्हतं. रात्री कोण कण्हतं, कुणाला वांगं आवडत नाही, काहीच नव्हतं. तिनं एक्स मांडला, सोडवला आणि शेवटच्या ओळीत दाबून आकडा लिहिला.

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी आफरीन उभीच होती. "काय आलं होतं? उत्तर लिहिलंत ना?"

"लिवलं."

"किती आलं?"

मायाक्कानं इकडंतिकडं पाहिलं. कॉलेजच्या पोरी घोळक्यानं चालल्या होत्या. "बरोबर आलंय. चल, जेवाया चल. तोंडानं सांगायला काय सांगितलंय का पेपरात?"

ती पास झाली. सप्टेंबरात बसम्मांनी जिन्यावरच्या खोलीची चावी तिच्या हातात दिली. त्याच आठवड्यात माळशिरसकडची पूनम नावाची एक पोर उशिरा प्रवेश घेऊन आली आणि संध्याकाळी उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मायाक्का जिना चढली, तिच्या खाटेवर बसली.

"काय गं, आईची आठवन?"

"व्हय."

"रड मग. मी बसते हितं."

खालून नव्या स्वयंपाकीणबाईंची हाक आली, "अवो अक्का, पिठाला पानी किती?"

"येते!" मायाक्का ओरडली, आणि बसूनच राहिली.